पावणेदोन एकर जमीन, पॉलिहाऊसचं कर्ज आणि मुलीचं नर्सिंग : पवन मावळातल्या एका ताईंना उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. पवन मावळात एकूण ७० गुंठे जमीन आहे. त्यातली ५० गुंठे भातखाचरं आणि २० गुंठे डोंगराकडची वरकस, म्हणजे हलकी जमीन. सासरे तीन वर्षांपूर्वी वारले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. घरात सासूबाई, हे दोघं नवरा-बायको, दोन मुलं आणि चाकणला कंपनीत कंत्राटावर असलेले दीर. दोघी नणंदांची लग्नं झाली आहेत. यजमानांना कर्ज काढून दहा गुंठ्यांवर पॉलिहाऊस टाकायचं आहे. दिरांचं म्हणणं, रस्त्याकडेचे दहा गुंठे विकून टाकू. थोरली मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिला नर्सिंगला जायचं आहे. यजमानांची झोप उडाली आहे, ते कुणाशी नीट बोलत नाहीत. ताई विचारतात, यातलं काय करावं? आणि पैशाची जुळणी होईपर्यंत मुलीला एक वर्ष घरी थांबवावं का?

ताई, आधी हिशोब मांडू, कारण घरातल्या तिघांच्या तीन स्वप्नांचा भार तुम्ही ५० गुंठ्यांवर टाकला आहे. पवन मावळात जुन्या पद्धतीने, म्हणजे दाट लावणी आणि फेकून युरिया, ५० गुंठ्यांत बारा-तेरा क्विंटल भात निघतं. गिरणीत त्याचा आठ क्विंटलच्या आत-बाहेर तांदूळ होतो. सहा माणसांच्या भातखाऊ घराला वर्षाला सहा क्विंटल तरी लागतो. बियाणं, पाहुणे, देणंघेणं धरलं की विकायला जवळपास काही राहत नाही. लागवड सुधारून हेक्टरी ४० क्विंटलचं उत्पादन आणलंत, तर ५० गुंठ्यांत २० क्विंटल भात, म्हणजे बारा क्विंटलच्या आसपास तांदूळ येईल. सहा क्विंटल विक्रीला निघाला आणि थेट गिऱ्हाइकाला किलोला ६० रुपयांनी गेला, तर ३६,००० रुपये. त्यातून ट्रॅक्टर, खत, मजुरी, गिरणी वजा करायची. या खाचरांनी घराला वर्षभराचा तांदूळ, गुरांना पेंढा आणि पायाखाली जमीन द्यावी, एवढीच अपेक्षा ठेवा. मुलीच्या शिक्षणाचा पैसा दुसऱ्या वाटेने आणायचा आहे आणि ती वाट आहे. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतवल्या की दोन्ही बुडतात. मावळ-मुळशीत जमिनी गेलेली बरीचशी घरं अशीच अडकली.

पहिलं काम सातबाऱ्याचं. तुम्ही ते प्रश्नात ओझरतं लिहिलंय, पण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतंय. सासऱ्यांच्या नावावर उतारा असल्यामुळे यजमान कागदावर शेतकरीच नाहीत. पीक कर्ज मिळणार नाही, पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० मिळणार नाहीत. हे १२,००० म्हणजे तुमच्या विक्रीच्या तांदळाचा तिसरा हिस्सा, आणि तोही दर वर्षी. शेतकरी ओळख क्रमांक, नुकसानभरपाई, अनुदानाचं कुठलंही अवजार, सगळं त्या एका नोंदीवर अडलेलं आहे.

वारस नोंदीसाठी लागतं ते असं : सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते आणि नातं लिहिलेला अर्ज, त्यासोबत प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, सगळ्यांची आधार कार्डं, चालू सातबारा आणि आठ-अ. अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायचा, म्हणजे आपण अजून ज्यांना तलाठी म्हणतो त्यांच्याकडे. ई-हक्क संकेतस्थळावरूनही तो करता येतो. आधी गाव नमुना ६-क च्या वारस नोंदवहीत चौकशी होते, मग फेरफार धरला जातो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पोच हातात घेतल्याशिवाय तिथून उठू नका, आणि फेरफार क्रमांक मिळाला की दर आठवड्याला त्याची स्थिती तपासा.

इथे काम फसतं ते नणंदांच्या नावावरून. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा स्पष्ट केला. काही घरं अर्जात बहिणींची नावंच लिहीत नाहीत. ते खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं, आणि दहा वर्षांनी जमीन विकायला किंवा तारण ठेवायला काढली की सगळं उलटतं. सासूबाई, दोघे भाऊ आणि दोघी बहिणी अशी पाचही नावं चढू द्या. नणंदांना हक्क सोडायचा असेल तर तो त्यांनी राजीखुशीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडायचा. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन नको, भाऊबीजेच्या ताटावर तर मुळीच नको. नाही सोडला तरी बिघडत नाही. जमीन एकत्र कसता येते, पीक कर्जाला सहहिस्सेदारांचं संमतीपत्र पुरतं.

वाटणीची घाई करू नका. ५० गुंठे खाचर पाच ठिकाणी फोडलं की बांधांतच जमीन जाईल आणि पाण्याच्या वाटेवरून भांडणं लागतील. पुढे सगळ्यांचं एकमत झालंच, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांसमोर संमतीने वाटप होतं. तेव्हा यजमानांच्या हिश्श्यावर तुमचंही नाव लावून घ्या. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली, १९९२ च्या परिपत्रकानुसार, नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं आणि त्याला शुल्क नाही. खाचरात लावणीपासून झोडणीपर्यंत निम्म्याहून जास्त कष्ट बाईचे असतात. तिचं नाव उताऱ्यावर असलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता पॉलिहाऊस. यजमानांच्या डोळ्यांसमोर पवनानगरकडचे गुलाबवाले असणार, आणि ते खोटं चित्र नाही. मावळातला गुलाब व्हॅलेंटाइनला परदेशी जातो, तळेगावला फुलशेतीचं प्रशिक्षणही मिळतं. पण आकडे बघा. दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. सांगाडा, कागद, ठिबक आणि फॉगर यांना दहा लाखांच्या आसपास. जरबेरा लावायचा तर लाल माती, शेणखत, गादीवाफे, निर्जंतुकीकरण आणि चौरस मीटरला सहा रोपं यांचे आणखी पाच-सहा लाख. अनुदान ५० टक्क्यांपर्यंत आहे, पण ते मंजूर खर्चावर, उभारणी आणि तपासणी झाल्यावर आणि कर्जखात्यात जमा होणारं. तोवर पूर्ण रकमेचं व्याज तुमच्यावर. १२ लाख कर्ज, ११ टक्के व्याज, ७ वर्षं, हप्ता महिन्याला वीस हजारांच्या पुढे. फूल विकलं गेलं काय, नाही काय, तो थांबत नाही.

त्यात मावळाचे स्वतःचे त्रास आहेत. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि वडगावकडे येता येता तो निम्म्याहूनही कमी. तुम्ही जितके डोंगराजवळ, तितका जुलै-ऑगस्टमध्ये उजेड कमी आणि दमटपणा जास्त. त्यात फुलांची संख्या घटते, करड्या बुरशीने पाकळ्यांवर ठिपके पडतात, गुलाबावर केवडा येतो. उन्हाळ्यात उलटं. जरबेराच्या दहा गुंठ्यांना रोज तीन ते चार हजार लिटर पाणी हवं, तेही क्षार कमी असलेलं. तुमच्या विहिरीत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रोज एवढं पाणी चढतं का, हे मोजून बघा. पावसाळ्यात तुडुंब दिसणारी विहीर इथे काही सांगत नाही. वारा हा तिसरा धोका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मावळातल्या कित्येक पॉलिहाऊसचे कागद फाटले, सांगाडे वाकले. त्याच्याच आधी दोन महिने टाळेबंदीत फुलबाजार बंद होता. कागद तसाही तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो, जरबेराची रोपं अडीच-तीन वर्षांनी. म्हणजे कर्ज अर्ध्यावर असताना दोन्ही मोठे खर्च पुन्हा दारात. पितृपक्षात किंवा लग्नसराई संपल्यावर फुलामागे रुपया-दीड रुपयाही मिळतो, त्यात तोडणी आणि खोक्याचा खर्चही निघत नाही.

ज्यांच्याकडे बारमाही पाणी आहे, घरची दोन माणसं रोज आत राबणारी आहेत, वर्षभराच्या हप्त्यांएवढी रक्कम बाजूला आहे आणि माल घेणारा व्यापारी ठरलेला आहे, त्यांचं चालतं. यातल्या तीन गोष्टी आज तुमच्याकडे नाहीत. यजमानांची हौस मोडू नका. त्यांना एक पूर्ण हंगाम ओळखीच्या पॉलिहाऊसमध्ये पगारावर काम करू द्या, तळेगावचं प्रशिक्षण घेऊ द्या. पावसाळा, उन्हाळा आणि पडलेला बाजार तिन्ही आतून बघितले की पुढचा निर्णय ते स्वतःच नीट घेतील.

जमीन विकण्याबद्दल थोडक्यात. आज सातबारा मयताच्या नावावर असताना कुणी विसार द्यायला तयार असेल, तर तो जमिनीपेक्षा तुमच्या अडचणीवर बोली लावतोय. कुलमुखत्यारपत्रावर कुणीही सही करायची नाही. दिरांनी आपला न वाटलेला हिस्सा परस्पर विकला, तर परका माणूस सहहिस्सेदार म्हणून उताऱ्यावर येतो आणि पुढची दहा-पंधरा वर्षं कोर्टात जातात. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, तेही बघा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. आणि दहाचे वीस, वीसचे सत्तर गुंठे होऊन सगळीच जमीन गेली, तर शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेऊ देणाऱ्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे पुढे शेतजमीन घेणंही कठीण होऊन बसतं. रस्त्याकडेचे दहा गुंठे हे तुमच्या घराचं शेवटचं औषध आहे. मुलीच्या फीसाठी ते खर्च करायची गरज नाही, कारण फीची सोय वेगळी आहे. ते पुढे येतंच.

आता भात. इथे तुमच्या हातात खरोखर वाढ आहे, आणि खर्च न वाढवता.

वाण इंद्रायणीच ठेवा. वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातला हा वाण तुमच्या पाण्या-मातीचा आहे, वास आहे, पुण्या-पिंपरीत गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं. मुदत १३५ ते १४० दिवस. घरचंच बी वर्षानुवर्षं वापरत असाल तर यंदा बदला. भेसळीने भात एका वेळी पिकत नाही आणि गिरणीत कणी वाढते. ५० गुंठ्यांना १५ ते १८ किलो बियाणं पुरतं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता, तरंगणारी पळंज, म्हणजे पोचट दाणे, काढून टाका, तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत २४ तास सुकवा, मग किलोला अडीच ग्रॅम थायरम चोळा. धुवायला आळस केला तर मिठाने उगवण घटते.

राब भाजणं सोडून द्या. फेब्रुवारी ते एप्रिल डोंगरातून टहाळ, पालापाचोळा, शेणकाट्या डोक्यावर वाहून आणायच्या आणि दाढेच्या, म्हणजे रोपवाटिकेच्या, जागेवर जाळायच्या, यात बायकांचे दोन महिने जातात आणि मातीचा सेंद्रिय भाग जळतो. त्याऐवजी गिरणीतून भाताच्या तुसाची काळी राख आणा. ५ गुंठे दाढ तुम्हाला पुरेल. एक ते सव्वा मीटर रुंद आणि ८ ते १० सेंटिमीटर उंच गादीवाफे करून चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख वरच्या थरात मिसळा. राखेतल्या सिलिकामुळे रोप ताठ होतं आणि करपा-खोडकिड्याला कमी बळी पडतं. आवण, म्हणजे लावणीची रोपं, उपटायलाही सोपं जातं, मुळं तुटत नाहीत. २१ ते २५ दिवसांचं रोप लावायचं. चाळीस दिवसांचं झालेलं आवण लावलं की फुटवे कमी येतात, आणि पुढे कितीही खत घातलं तरी ती कसर भरून निघत नाही. पाऊस लांबला तर दाढ दोन हप्त्यांत टाका, आठ दिवसांच्या अंतराने.

लावणी चारसूत्री पद्धतीने करा. काथ्याच्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आळीपाळीने खुणा करायच्या, ओळींमधलं अंतरही तसंच, एकदा १५, एकदा २५. प्रत्येक खुणेवर दोन-तीन रोपं, तीन-चार सेंटिमीटर खोल. रोपांचे असे चार चूड (झुबके) मिळून १५ सेंटिमीटरचा चौकोन होतो. त्या चौकोनाच्या बरोबर मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल हाताने खोचायची, लावणीच्याच दिवशी. गुंठ्याला ६२५ ब्रिकेट, म्हणजे १.७ किलो. ५० गुंठ्यांना ८५ किलो.

मावळात ही पद्धत बसते याचं कारण पाऊस. फेकलेला युरिया जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीत खालच्या खाचरात आणि तिथून ओढ्याला जातो. चिखलात पुरलेली ब्रिकेट जागेवर राहून हळूहळू विरघळते. पण फसायच्या जागा आहेत. ब्रिकेट वरवर ठेवली तर पाण्यात विरघळून जाते. दुसऱ्या दिवशी टाकू म्हणून ठेवली तर चिखल बसतो आणि हात खोल जात नाही. भात पिवळं दिसलं म्हणून वरून पुन्हा युरिया टाकला तर ढगाळ हवेत करपा उठतो आणि इंद्रायणी परतीच्या पावसात लोळते. मुरमाड, पाणी न धरणाऱ्या खाचरात ब्रिकेटचा फायदा कमी होतो. तिथे आधी बांध आणि खेकड्यांची बिळं बुजवा, नाहीतर एका बिळातून रात्रीत खाचर कोरडं होतं. बेणणी (निंदणी) करताना २५ सेंटिमीटरच्या पट्ट्यातून चाला, चौकोनात पाय देऊ नका. ब्रिकेट मेमध्येच विकत घ्या, जुलैत दुकानात मिळत नाहीत. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) काड्या बांधावर आता लावल्या तर दोन-तीन वर्षांत चिखलणीआधी गाडायला गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला घरचा मिळेल.

पहिल्या वर्षी दोरीवरच्या लावणीला माणसं जास्त लागतात आणि बायका कुरकुरतात. म्हणून पहिल्या वर्षी २० गुंठेच करा, आणि सावडीतल्या, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीने राबणाऱ्यांतल्या, ज्या बाईचा हात चलाख आहे तिला दोरी धरायला द्या. मजूरच मिळत नसतील, तर नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेली सगुणा पद्धत, म्हणजे कायमच्या गादीवाफ्यावर नांगरट-चिखलणीशिवाय टोकलेलं भात, पाच-दहा गुंठ्यांत बघायला हरकत नाही. तिथे पहिल्या दोन वर्षांत तण हाताबाहेर जातं, ते सांभाळता आलं तरच.

लोंब्यांतले ८०-९० टक्के दाणे सोनेरी झाले की कापा, त्याआधी दहा दिवस पाणी काढा. कापणी जमिनीलगत करा, धसकटात खोडकिडा राहतो. भात कडक उन्हात एकदम वाळवलं की दाण्याला चिरा पडतात आणि गिरणीत कणी निघते. पातळ पसरून, हलवत, दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळच्या उन्हात वाळवा. भात म्हणून विकू नका. साध्या भाताचा हमीभाव २०२४-२५ साली क्विंटलला २,३०० रुपये होता. तोच क्विंटल तांदूळ होऊन घरोघर गेला तर ६२ किलोचे ३,७०० रुपये होतात. रबरी रोलच्या गिरणीत भरडा, मागणीप्रमाणे महिन्याला एकदाच भरडा. हातसडीचा तांदूळ दोन-तीन महिन्यांत कोंड्यातल्या तेलामुळे खवट होतो. तुमच्या दिरांच्या कंपनीतली माणसं हे पहिलं गिऱ्हाईक, पाच आणि दहा किलोच्या पिशव्या. दुकानातून विकायचं झालं तर अन्न परवान्याची प्राथमिक नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते.

भात निघाल्यावर आठ दिवसांच्या आत ओलीवर हरभरा टोका, नांगरट न करता, धसकटांच्या ओळींमध्ये. एकरी २५-२८ किलो बी, रायझोबियम जिवाणू खत १० किलोला २५० ग्रॅम. ओल उडाल्यावर पेरला तर उगवणच होत नाही. वाल किंवा मसूरही चालेल. अडचण बियाण्याची नाही, दिवाळीनंतर मोकाट सुटणाऱ्या गुरांची आहे. एकट्याने पेरलं तर गावची गुरं खातील. वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून सलग पट्टा पेरायचा आणि ग्रामसभेत गुरं बांधण्याची मुदत फेब्रुवारीअखेरपर्यंत ठरवून घ्यायची.

एक गाय असेल तर तिला सुका पेंढा तसाच घालू नका. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबून प्लास्टिकखाली २१ दिवस हवाबंद ठेवा, घालण्याआधी तासभर उघड्यावर पसरून वास जाऊ द्या. युरिया कधीही थेट खाऊ घालायचा नाही, जनावर दगावतं. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा नको.

कर्जाचं एकच बघा. तुमच्या घरात पैसा डिसेंबर-जानेवारीत येतो आणि खर्च जून-जुलैत असतो, खत, लावणी, वह्या-पुस्तकं, प्रवेश. या चणचणीत आठवड्याच्या हप्त्याचं गटकर्ज घेतलं जातं आणि पहिल्याच आठवड्यापासून फेड सुरू होते, जेव्हा शेतातून एक रुपया येत नसतो. वारस नोंद झाली की विकास सोसायटीतून पीक कर्ज काढा. मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंत राज्याच्या व्याज सवलतीमुळे ते बिनव्याजी पडतं. तांदळाची पहिली विक्री त्या फेडीला बाजूला ठेवा, ३१ मार्चची वाट बघू नका.

यजमानांबद्दल. रात्ररात्र जागणं, न बोलणं, जेवण तुटणं हे पंधरा दिवसांहून जास्त चाललं असेल, तर त्याला स्वभाव समजू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, दिवस-रात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि त्यांच्याऐवजी आधी तुम्हीही फोन करू शकता. प्राथमिक आरोग्य केंद्रातही दाखवा. फवारणीची औषधं तोवर कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे. कर्जाचा, विक्रीचा विषय रात्री काढू नका. सकाळी, दीर आणि सासूबाई समोर असताना, वहीत आकडे लिहून बोला.

आणि मुलीचं. तिला थांबवू नका. एक वर्ष घरी बसलेली मुलगी पुन्हा कॉलेजात जाण्याआधी तिच्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी ४ वर्षांची, त्याखालचे नर्सिंगचे कोर्स म्हणजे जीएनएम ३ वर्षांचा आणि एएनएम २. बी.एस्सी.ला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. तिचा अर्ज बारावीच्या वर्षातच भरायचा असतो, निकालानंतर नव्हे. ही तारीख हुकली की वर्ष आपोआपच जातं. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली की ही सवलत गेली, म्हणून "आत्ता पैसे भरा, जागा पक्की करतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. राहण्या-जेवण्यासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो, आणि अल्पभूधारक असल्याचा दाखला पुन्हा त्या सातबाऱ्यावरूनच निघतो. तरीही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज. ४ लाखांपर्यंत जमिनीचं तारण लागत नाही आणि परतफेड शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होते, तिच्या पगारातून.

कॉलेज निवडताना तीन नावं तपासा : भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र परिचर्या परिषद, आणि बी.एस्सी. असेल तर नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. तालुक्याच्या गावी एका खोलीत चालणाऱ्या सहा महिने-वर्षाच्या "नर्सिंग" कोर्सवर परिषदेची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय ती कुठल्याही दवाखान्यात मदतनीस म्हणूनच राहते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर हे एप्रिलच्या आत काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात. राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागणार असेल, तर त्याचा प्रस्ताव कॉलेजच्या शिक्क्याने याच महिन्यात समितीकडे पाठवा. त्याला महिने लागतात, आणि धाकट्याच्या वेळीही तेच कागद कामाला येतील.